घंटा वाजली तिथेच कथा फसली: सेन्सिटिव्हिटी रीडरकडे जाताना या चुका टाळा

माझ्या कथेत गुड फ्रायडेच्या संध्याकाळी गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या एका चर्चची घंटा घणघणत होती आणि घरातली सगळी मंडळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघाली होती. मी फोंड्याचा. चर्च आयुष्यभर बाहेरून पाहिलेलं, त्याच भांडवलावर लिहिलं. मडगावच्या एका निवृत्त टीचरनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. "पुता, त्या दिसा घांट वाजयनात. मीसय नासता." म्हणजे त्या दिवशी घंटा वाजवत नाहीत आणि मिस्साही नसतो.

आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, ग्लोरिया हे स्तोत्र झालं की घंटा गप्प होतात, त्या ईस्टरच्या जागरणालाच पुन्हा वाजतात. मधल्या काळात घंटेऐवजी मात्राक, म्हणजे हाताने वाजवायचं लाकडी खुळखुळ्यासारखं साधन, करकरते. प्रसंग मी नव्याने लिहिला आणि तो आधीपेक्षा कितीतरी चांगला झाला. आपण ज्या समाजाबद्दल लिहितो, त्याच समाजातला माणूस, म्हणजे सेन्सिटिव्हिटी रीडर, हस्तलिखित वाचतो तो यासाठी. नुसतं कुणाचं मन दुखावू नये एवढ्यापुरतं हे काम नसतं.

मी वाचलो, कारण मजकूर अजून छापखान्यात गेला नव्हता. शेवटचं प्रूफ हातात घेऊन जाल तर समोरचा भिडेखातर मान डोलावतो. दुसरा खर्डा झाला की जा.

शब्दांपुरतंच विचारणं ही त्याहून मोठी चूक. 'हा शब्द चालेल का?' असं मी विचारत बसलो होतो. टीचरना खटकली ती माझ्या कथेतल्या ख्रिस्ती बाईची बोली. "हम जायेगा मॅन" ही हिंदी सिनेमाची देणगी, वर दर दोन पानांआड फेणीचा ग्लास. "आमगेर अशें कोण उलयता?" आमच्याकडे असं कोण बोलतं, त्यांनी विचारलं. उत्तर नव्हतं. आता कथेतली ती बाई सरळ मराठीत बोलते, मध्येच एखादं 'पाय' (बाबा), 'माय' (आई) येतं, आणि ग्लास फक्त लग्नाच्या प्रसंगात उरलाय.

एकाच वाचकाला अख्ख्या समाजाचा वकील करू नका. गोव्यातल्या गावडा समाजाचंच बघा: हिंदू गावडे आहेत, ख्रिस्ती गावडे आहेत आणि 1928च्या शुद्धीत, म्हणजे ख्रिस्ती गावड्यांना पुन्हा हिंदू करून घेतलं तेव्हा, झालेले नवहिंदू गावडेही आहेत. तुमचं पात्र यांपैकी कोणत्या घरातलं, कोणत्या तालुक्यातलं, हे आधी ठरवा, मग वाचक शोधा. दोघांची मतं जुळली नाहीत तर घाबरू नका. तुमच्या पात्राच्या घराला, वयाला जवळचा कोण, त्याचं जास्त ऐका.

वाचक नुसतं "बरें आसा" म्हणून वही परत देतो? मग दोष तुमच्या प्रश्नात आहे. पानांचे आकडे घालून पाच-सहा प्रश्न लिहून द्या. 'या स्वयंपाकघरात काय चुकलंय?', 'ही आई मुलीला असं बोलेल का?' असे. दोन-तीन आठवडे द्या आणि मानधन आधीच ठरवा. ओळखीच्या माणसाकडून फुकटात काम उरकण्याची आपल्याकडे भारी खोड आहे.

सूचना पटली नाही तर सोडून द्या, लेखक तुम्ही आहात. पण मग टीका झाल्यावर 'त्यांनी वाचलं होतं' म्हणत वाचकाला पुढे करू नका. ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी विचारा. टीचरनी "म्हजें नांव नाका" म्हटलं, म्हणून ते पुस्तकात नाही आणि इथेही नाही.