पेढे वाटायची घाई करू नका

२०१५ च्या ऑगस्टमध्ये मी अर्धा किलो पेढे आणून आळीत घरोघर वाटले होते. हे सात दिवसांनी दवाखान्यातून घरी आले होते. हात थरथरत नव्हते, दोन भाकऱ्या पोटभर खाल्ल्या होत्या. "सुटली बघा यांची दारू एकदाची," मी आत्यांना म्हटलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. अकराव्या दिवशी कारखान्याचा पगार झाला. रात्री साडेदहाला हे उंबऱ्यात बसून चप्पल शोधत होते. चप्पल पायातच होती.

मी दवाखान्याच्या नावाने खूप बोटं मोडली. पैसे गेले, फसवलं, काय काय बोलले. दवाखान्याने आपलं काम चोख केलं होतं हे समजायला मला दीड वर्ष लागलं. त्यांनी अंगातली दारू उतरवून दिली होती. त्याला डिटॉक्स म्हणतात आणि ते तेवढंच असतं. मी ज्याला 'सुटणं' म्हणत होते, ते काम सुरूच झालं नव्हतं.

कराडात माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. बायका माप देता देता आवाज खाली आणून विचारतात, "ताई, तुमच्या मालकांची कशी काय सुटली?" दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहून काढलं.

पहिला आठवडा डॉक्टरांचा

रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडायचं, दोन दिवस तडफडेल आणि मग गप होईल, हा सल्ला प्रत्येक गावात एक तरी काका देतोच. तो ऐकू नका. यात माणूस जातो.

मला डॉक्टरांनी समजावलं ते असं. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षं रोज प्यायली की मेंदू तिच्यावर मात करायला स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू एकाएकी बंद केली तरी तो वेग लगेच उतरत नाही. मग हात कापतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, त्याला डॉक्टर डीटी म्हणतात.

यांना तो झाला. हे कारखान्यात फिटर. तिसऱ्या रात्री दवाखान्याच्या पलंगावर बसून हवेत पाना फिरवत होते. घामाने बनियन चिंब, डोळे सताड उघडे आणि मला म्हणतात, "अगं, तेरा नंबरचा दे की, किती वेळ?" शेवटी मी रिकामा हात पुढे केला. त्यांनी त्यातून काहीतरी घेतलं आणि परत आवळायला लागले. सिस्टर धावत आल्या, इंजेक्शन दिलं. हेच घरी झालं असतं तर मी देवऋषी शोधत बसले असते.

ज्याला सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला घोट लागतो, ज्याला आधी कधी फिट आली आहे, त्याची दारू घरी बंद करू नका. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या आधी जास्त देतात आणि पाच-सात दिवसांत कमी करत आणतात. लिव्हर फार बिघडलं असेल तर दुसरी गोळी, बहुधा लोरॅझेपॅम, निवडतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं. आपल्याकडे सलाइन चढलं की उपचार झाला असं वाटतं. पण दारुड्याच्या अंगात बी-वन नसताना नुसतं ग्लुकोजचं सलाइन दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून कुठल्याही कारणाने दवाखान्यात नेलं, अगदी पाय मोडला म्हणून नेलं, तरी "रोज पितात" हे आधी सांगा.

आणि खरं सांगा. मी लाजेने "एक क्वार्टर घेतात" म्हटलं. होत्या तीन. गोळीचा डोस त्या हिशोबावर ठरतो. किती, शेवटची कधी, आधी फिट आली का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, शुगर-बीपी आहे का, एवढं चिठ्ठीवर लिहूनच न्या. ऐनवेळी काही सुचत नाही.

त्या गोळ्या घरी आल्यावर मेडिकलमधून परत परत आणायच्या नाहीत. आमच्या ओळखीतल्या एकाची दारू गेली आणि गोळी लागली.

कुठे जायचं ते कळत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग विचारा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे आणि १४४१६ टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन सेवेची. दोन्हीला पैसे पडत नाहीत. २०१९ मध्ये सरकारचा एम्सने केलेला देशभराचा सर्व्हे आला, त्यात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळतो असं निघालं. बाकीचे ३७ आपल्याच आळ्यांमधून असणार.

घरी आणण्याआधी

सुट्टी देतात त्या दिवशी बिल भरून रिक्षा बोलावू नका. पुढची तारीख कोणती, औषध कोणतं आणि समुपदेशनाला कुठे जायचं, हे लिहून घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. मी २०१५ ला तिन्हींतलं एकही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी आम्ही निवासी उपचार घेतला. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून '३५ दिवस' हा शब्द महाराष्ट्रात घरोघर पोचलाय. अशा केंद्रांत सुरुवातीचे दिवस शरीर सावरण्यात जातात. उरलेले महिनाभर व्यायाम, गटात बसून बोलणं, घरच्यांना बोलावून समोरासमोर बसवणं. ३५ दिवसांनीही माणूस 'बरा' होऊन येत नाही. कसं राहायचं ते शिकून येतो.

केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी, बांधणारी, मारणारी ठिकाणं आहेत. मानसोपचारतज्ज्ञ नेमाने येतात का, नोंदणी आहे का, तुम्हाला भेटू देतात का, हे विचारा. "दोन महिने फोन करायचा नाही, भेटायचं नाही" म्हणाले की तिथूनच परत फिरा.

पुढची वर्षं

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथेच मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पहिले तीन महिने हे पीत नव्हते आणि घरात रोज भांडण होतं. झोप येत नव्हती. आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. आत्या एकदा मला म्हणाल्या, "त्यापेक्षा पीत होता ते बरं." मलाही मनातून तसंच वाटत होतं. नंतर समुपदेशक बाईंनी सांगितलं की झोप, चिडचिड, उदासी हे सगळं कित्येक महिने रेंगाळतं. मेंदू हळूहळू जागेवर येतो. हे आधी माहीत असतं तर मी निम्मी भांडणं केली नसती.

मग आम्ही घड्याळ बघितलं. यांची पहिली पाळी चारला सुटते. चार ते सात ही वाईट वेळ. भूक लागलेली, दमलेले, साहेबावर चिडलेले आणि रस्त्यात फाट्यावर देशीचं दुकान. रस्ता बदलला, लांबून पडतो दोन किलोमीटर. डब्यात चारचं खाणं वेगळं द्यायला लागले, शेंगदाण्याचा लाडू किंवा चपातीचा लाडू. पोट भरलेलं असलं की तलफ निम्मी होते, हे माझं मत नाही, यांचं. आणि साडेचारला माझ्या दुकानात येऊन बसायचं. नुसतं बसून काय करणार, म्हणून ब्लाउजला हुक लावायला दिले. पहिल्या आठवड्यात सुईत दोरा ओवायला पाच मिनिटं लागायची आणि मी मुद्दाम मशीनकडे तोंड करून बसायचे. आता यांचे हुक माझ्यापेक्षा घट्ट असतात, गिऱ्हाइकं विचारतात कोण लावतं.

तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा अर्धा तास काढायचा. खायचं, चालायला जायचं, कुणाला तरी फोन लावायचा. फोन बायकोला नको, स्वतः सोडलेल्या माणसाला. मी घाबरते, माझ्या आवाजात संशय येतो.

पैशाचं आम्ही ठरवून केलं. पगार खात्यावर, कार्ड माझ्याकडे, रोज चहा-पेट्रोलचे यांच्या खिशात. हे त्यांनी स्वतः सुचवलं म्हणून टिकलं. मी आधी खिसे तपासून, पैसे हिसकावून बघितलं होतं, तेव्हा हे उधारीवर प्यायचे.

गटारी, एकतीस डिसेंबर, हळदीची रात्र, निवडणुकीचा प्रचार. या दिवसांचं आधी ठरवा. लग्नाला अक्षता पडायच्या वेळी जायचं, जेवून निघायचं, वरातीला थांबायचं नाही. स्वतःची गाडी न्यायची, म्हणजे "थांब की, सोडतो तुला" म्हणणाऱ्याच्या हातात आपण राहत नाही. भाऊबंद आग्रह करतात तेव्हा यांचं उत्तर एकच, "गोळी चालू आहे." त्यावर कुणी वाद घालत नाही.

गोळी खरंच चालू होती. डायसल्फिरम. ती घेतल्यावर दारू पोटात गेली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडून जीवही जाऊ शकतो. म्हणून ती तपासण्या करून, शेवटच्या दारूनंतर किमान बारा तास गेल्यावर आणि माणसाला पूर्ण सांगूनच देतात. थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात ना, त्या पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. चहातून, आमटीतून चोरून काहीही घालू नका. मी घातली होती, २०१४ ला. काही झालं नाही हे नशीब.

एक बारीक गोष्ट, जी आम्हाला अनुभवानेच कळली. ही गोळी चालू असताना द्राक्षासव, दशमूलारिष्ट असली आसवं-अरिष्टं चालत नाहीत, त्यांत आंबवल्यामुळे मद्यार्क असतो. खोकल्याची काही औषधंही तशीच. आत्यांनी मायेने दोन चमचे द्राक्षासव पाजलं आणि यांचं तोंड वीटभट्टीसारखं झालं. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधं आहेत, त्यांचं डॉक्टरांना विचारा.

गोळी पोटात काम करते. बाकीचं यांच्यासाठी एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगने केलं. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहिले, त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच एए, निघालं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर मोठमोठे बाप्ये बसतात आणि 'फक्त आजचा दिवस' म्हणतात. मला आधी हसू यायचं. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं असतं. मी तिथे गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला 'तुमची झोप कशी आहे' असं विचारलं.

घसरले तर

२०१८ च्या फेब्रुवारीत थोरले भावजी गेले. तेराव्याला यांनी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. मी रडले, पण या खेपेला आळीत तमाशा केला नाही आणि "सगळं पाण्यात गेलं" म्हणाले नाही. पिलेल्या माणसाशी रात्री बोलायचं नाही, हे शिकले होते. सकाळी चहा ठेवला आणि त्यांच्या मीटिंगमधल्या मित्राला फोन लावून दिला. ते आले, दोघं कृष्णेकाठी जाऊन बसले. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. दोन दिवसांचंच होतं, भरती व्हावं लागलं नाही. आठ-दहा दिवस सलग झाले असते तर परत पहिल्या पायरीपासून, म्हणजे डिटॉक्सपासून. त्यात लाज नाही, पण ते घरी करायचं नाही.

ज्यांच्या घरी गर्द किंवा नशेची इंजेक्शनं आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा. डिटॉक्सनंतर शरीराची सवय मोडलेली असते. जुन्या अंदाजाने तेवढीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. सोडून आलेला माणूस घसरला तर तो आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो.

फेब्रुवारी २०१८ नंतर यांनी घेतलेली नाही. डॉक्टरांकडे अजूनही दर सहा महिन्यांनी जातो, लिव्हर बघायला. पेढे मी परत आणले नाहीत, हेच दर वर्षी मीटिंगला स्वतः नेतात. मीटिंग गुरुवारी साडेसातला असते, त्या दिवशी आमच्याकडे जेवण नऊला.