जिल्ह्याच्या गावी राहून प्रयोगशाळा तंत्रज्ञ होताना

बारावी विज्ञानानंतर वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हायचे असेल, तर पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही. अंबाजोगाई, यवतमाळ, धुळे अशा ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि त्यांना जोडलेली मोठी रुग्णालये आहेत, आणि या कामाचे खरे शिक्षण रुग्णालयातच होते. मात्र तेथे राहून ते नीट मिळवायचे, तर काही गोष्टी प्रवेशापूर्वी आणि काही पहिल्या वर्षापासूनच पाहाव्या लागतात.

सर्वप्रथम मान्यता तपासावी. महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा अन्य मान्यताप्राप्त विद्यापीठाशी संलग्न आहे का, एवढे पाहून थांबू नये. आपल्याला हवी असलेली शाखा त्या संलग्नतेत आहे का, हे विद्यापीठाच्या यादीत स्वतः पाहावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाचे (यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञही येतो) शिक्षण दोन ते चार वर्षांत विभागलेले आणि किमान २,००० तासांचे असावे लागते. त्यामुळे सहा महिन्यांत ‘लॅब टेक्निशियन’ बनवून हमखास नोकरी देण्याची जाहिरात करणाऱ्या संस्थांपासून दूर राहावे. अशा प्रमाणपत्रासाठी शेतकरी कुटुंबांनी कर्ज काढावे, हे मला फार अन्यायाचे वाटते.

दुसरी चौकशी रुग्णालयाची. इमारत पाहण्यापेक्षा सकाळी नऊच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात जाऊन उभे राहावे आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारावे, की रक्तनमुने तुम्ही स्वतः घेता का, की केवळ नोंदवही लिहिता. रात्रपाळीत विद्यार्थ्यांना बसवतात का, यंत्र बंद पडल्यावर हाताने चाचणी शिकवतात का, हेही विचारावे. शुल्क आणि राहण्याच्या खर्चासाठी महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्त्या, तसेच वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् या योजना पाहाव्यात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवावा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र जड जाते, कारण पुस्तके इंग्रजीत असतात. येथे पाठांतर करून निभावून नेण्याचा मोह टाळावा. रक्त का गोठते, हे आधी स्वतःच्या मराठीत, आकृती काढून, वर्गमित्राला समजावून सांगावे आणि मगच इंग्रजी उत्तर लिहावे. तोंडी परीक्षेत अडखळणारे बहुतेक विद्यार्थी भाषेवर नव्हे, तर विषयाच्या आकलनावर अडखळतात. रुग्णाशी मात्र त्याच्याच बोलीत बोलता आले पाहिजे. धुळ्याला अहिराणी समजणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्ण मोकळेपणाने सांगतो, की सकाळी चहा झाला आहे. उपाशीपोटीच्या साखरेच्या चाचणीत तो चहा निकाल बदलतो. म्हणून ‘काही खाल्ले का’ याबरोबरच ‘चहा घेतला का’ हा प्रश्न वेगळा विचारावा.

नमुना घेण्याची शिस्त पहिल्याच पोस्टिंगमध्ये अंगी बाणवावी. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे पोटॅशियम क्षार असते. तिच्यातील रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतले, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते आणि चुकीचे उपचार सुरू होऊ शकतात. ट्यूबवर नाव रुग्णासमोरच लिहावे.

ग्रामीण भागातील रुग्णालयात ज्या चाचण्या वारंवार शिकायला मिळतात, त्यांत सर्पदंशानंतरची वीस मिनिटांची गोठण चाचणी महत्त्वाची आहे. सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे जराही न हलवता ठेवायची आणि मग एकदाच कलती करून पाहायची. रक्त गोठले नसेल, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने गोठणक्रिया बिघडल्याचा संशय बळावतो. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या पृष्ठभागाच्या स्पर्शानेच गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकची किंवा डिटर्जंटने धुतलेली नळी वापरली, तर निरोगी रक्तही न गोठलेले दिसू शकते आणि रुग्णाला गरज नसताना प्रतिविष दिले जाऊ शकते, ज्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. नाग आणि मण्यार यांच्या दंशात रक्त सहसा गोठते, म्हणून गुठळी झाली याचा अर्थ विषबाधा नाही, असा कधीही काढू नये. डॉक्टर सांगतील तेव्हा चाचणी पुन्हा करावी.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीतही असेच भान लागते. विद्राव्यता चाचणीत द्रावण गढूळ झाले, तरी व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही; त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. सहा महिन्यांखालील बाळांमध्ये आणि नुकतेच रक्त चढवलेल्यांमध्ये विद्राव्यता चाचणी दिशाभूल करू शकते. एखाद्या मुलीचे लग्न अर्धवट अहवालावरून मोडू नये, एवढी काळजी तंत्रज्ञाने घेतलीच पाहिजे.

स्वतःच्या सुरक्षिततेबाबत संकोच नको. हिपॅटायटिस-बी लसीच्या ०, १ आणि ६ महिन्यांच्या तीन मात्रांपैकी पहिली प्रवेश मिळताच घ्यावी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी. सुई टोचलीच, तर जखम पिळू नये, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि लगेच वरिष्ठांना सांगावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते रात्री कोणत्या विभागात मिळते, हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्यावे.

पदवीच्या तीन वर्षांनंतरच्या एक वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये रक्तपेढी, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन आणि विकृतिशास्त्र या प्रत्येक विभागात पाळी लावून घ्यावी, आणि केलेल्या कामाची लॉगबुकमधील नोंद त्याच दिवशी सही करून घ्यावी. प्रमाणपत्र हाती येताच तंत्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज भरावा. नोकरीच्या जाहिराती आल्यावर त्याची धावपळ करू नये.