मुलांचे गळू आणि शस्त्रक्रिया: या चुका टाळा

मुलाच्या मांडीवर किंवा काखेत गळू आले, की घरात पहिला सल्ला मिळतो तो "पिकू द्या" असा, आणि मग पोटीस, हळद, चुना-गुळाचा लेप हे सारे ओळीने सुरू होते. उन्हाळ्यात दोष आंब्याच्या उष्णतेला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक गळवांमागे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू असतो. साचलेल्या पुवात रक्तवाहिन्या नसल्यामुळे अँटिबायोटिक तेथे पुरेसे पोहोचत नाही. म्हणून पू बाहेर काढणारी चीर टाळण्यासाठी एकामागून एक औषधे बदलत राहणे ही सर्वांत नेहमीची चूक होय. उलट, पू झालेला नसताना नुसत्या लाल, गरम सुजेवर चीर देण्यातही अर्थ नसतो. शंका असल्यास सोनोग्राफीने पू आहे की नाही ते कळते. गळू घरी दाबून फोडू नये, नाक आणि वरच्या ओठाजवळचे तर मुळीच नाही, कारण तेथील शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी असतो.

खरा धोका वेगळाच आहे. विशेषतः कांजिण्या झालेल्या मुलात स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू कधी कधी त्वचेखालच्या आवरणात शिरून ऊती झपाट्याने कुजवतो. त्वचा सुरुवातीला जेमतेम लाल दिसते, मात्र वेदना त्या मानाने फार असते. बोलता न येणारे बाळ दुखणारा हात किंवा पाय हलवणेच सोडते आणि स्पर्श होताच किंचाळते. जांभळे डाग किंवा फोड दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय. लाल भागाच्या कडेला पेनने रेघ मारून ठेवावी. लाली काही तासांत रेघेपलीकडे गेली, तर त्याच क्षणी शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे. अशा वेळी एमआरआयची वाट पाहत शस्त्रक्रिया लांबवणे ही डॉक्टरांकडूनही होणारी चूक आहे. मृत ऊती काढल्यावर साधारण 24 ते 48 तासांत जखम पुन्हा भूल देऊन तपासावी लागते, आणि पालक त्याला "पहिले ऑपरेशन फसले" असे समजतात; वास्तविक तो उपचाराचा ठरलेला टप्पा असतो.

भूल देण्यापूर्वी रडते म्हणून बिस्किट भरवणे हीही चूकच, कारण घन आहार किमान सहा तास आणि आईचे दूध साधारण चार तास आधी थांबवावे लागते. चुकून काही दिलेच, तर ते लपवू नये. काढलेला पू कल्चरला, म्हणजे त्यातला जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवला आहे का, हे मात्र आवर्जून विचारावे.