स्वरयंत्रात दोष असलेल्या बाळाला भरवताना या चुका टाळा

बाळाला ठसका लागला की आजी म्हणते, "कुणीतरी आठवण काढली." काढू दे बापडे. मला धास्ती असते ती ठसका न लागणाऱ्या बाळाची. स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला फट असेल किंवा एक स्वरतंतू हलत नसेल, तर दूध गुपचूप श्वासनलिकेत उतरू शकतं, खोकलाही येत नाही. "ठसकत नाही, म्हणजे नीट गिळतंय" हे परळच्या आमच्या रुग्णालयात आठवड्यातून चारदा ऐकते. प्यायल्यावर आवाज ओलसर होतो का, धाप लागते का, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो का, ते बघा. शंका असेल तर व्हिडिओफ्लुरोस्कोपी करा, म्हणजे बेरियम पाजून चालता एक्स-रे. नुसतं बघून मलाही कळत नाही.

दूध श्वासनलिकेत उतरू नये म्हणून काही बाळांना ते घट्ट करून देतात. त्यातली चूक मात्र माझीच. नवखी होते. विक्रोळीच्या एका आईला सांगितलं, काढलेल्या दुधात तांदळाची पावडर घाला. ती पहाटे घरी दाट दूध करून आणायची. लोकल, मग नंबरची रांग. बाटली उघडावी तर पाणी! मी वर तिलाच बोलले, "अहो, कमी घालताय." बिचारी दुप्पट घालू लागली. आईच्या दुधातलं अमायलेज हे पाचक एन्झाइम तांदळातलं स्टार्च पचवून टाकतं, हे परीक्षेत लिहून आले होते मी.

आता दाट करायची पावडर डॉक्टरांना विचारूनच, आणि झँथन गम या डिंकाची तर मुदतपूर्व बाळाला नकोच. दाटपणा पाजायच्या वेळी मोजायचा. दट्ट्या काढून, टोकावर बोट धरून 10 मिलीची सिरिंज भरा (शून्य ते दहाची पट्टी 61.5 मिमी लांब हवी), टोकावरचं बोट 10 सेकंद काढा. 1 ते 4 मिली उरलं तर दाटपणाची पहिली पातळी, 4 ते 8 तर दुसरी. "अंदाजाने जमतं हो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सिरिंज हातात देते.

दाट दूध येत नाही म्हणून तापल्या सुईने निपलचं भोक मोठं करू नका. उताण्या बाळाच्या तोंडात बोंडल्याने ओतू नका. कुशीवर, डोकं जरा वर. रडत असेल तर थांबा.

लॅरिंगोमलेशिया, म्हणजे स्वरयंत्राचा ढिलेपणा, बहुतेकांचा दीड-दोन वर्षांत निवळतो, म्हणून घरचे निवांत असतात. पण श्वास घेण्यातच दमणारं बाळ पोटभर पीत नाही. दर आठवड्याला त्याच काट्यावर, लंगोट काढून वजन करा. सलग दोनदा काटा जागचा हलला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता या.