सी प्लस प्लसच्या टेस्टमध्ये रेफरन्स पॅरामीटरचं मॉकिंग: या चुका टाळा

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं किंवा पणजी-पर्वरीकडचे नवे डेव्हलपर युनिट टेस्ट दाखवायला आणतात, तेव्हा मी आधी एकच गोष्ट बघतो: रेफरन्सने (म्हणजे प्रत न होता मूळ व्हेरिएबलच) जाणाऱ्या पॅरामीटरमध्ये मॉक, म्हणजे टेस्टसाठी खऱ्याच्या जागी ठेवलेला बनावट ऑब्जेक्ट, काही भरतोय का? बऱ्याचदा काहीच भरत नसतो, आणि तरी टेस्ट हिरवी, म्हणजे पास, असते. लाल टेस्टपेक्षा मला या हिरव्या टेस्टची जास्त काळजी वाटते.

समजा, रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या धक्क्यावर पाण्याची पातळी वाचणारा प्रोग्राम आहे. त्यातलं ‘वाच’ हे फंक्शन दोन पॅरामीटर घेतं: पहिला वेळ, दुसरा रेफरन्सने आलेली पातळी. वाचन जमलं तर ते ट्रू परत करतं. म्हणजे उत्तर दोन वाटांनी बाहेर येतं. गूगल मॉकला (सी प्लस प्लसमध्ये मॉक बनवायची लायब्ररी) तुम्ही फक्त रिटर्न ट्रू सांगितलं, तर दुसरी वाट कोरडीच राहते; पातळीच्या व्हेरिएबलला मॉक हातही लावत नाही. कोडमध्ये ते व्हेरिएबल शून्यापासून सुरू होत असेल आणि टेस्ट ‘ओहोटीला मोठी गाडी चढवू नये’ हे तपासत असेल, तर शून्य म्हणजे ओहोटीच. टेस्ट पास होते, पण तपासलं काहीच जात नाही.

उपाय: विलवन्समध्ये (कॉल आल्यावर मॉकने एकदा काय करायचं ते इथे सांगतात) डू-ऑल लिहा, म्हणजे अनेक कामं क्रमाने होतात; त्यात आधी रेफरन्स पॅरामीटरमध्ये मूल्य भरणारं सेट-आर्ग-रेफरी आणि शेवटी रिटर्न. शिवाय त्याच टेस्टची भरतीची जोडी लिहाच. पातळी बदलून निकाल बदलत नसेल, तर मॉक काही भरत नाही किंवा कोड ती पातळी बघतच नाही. कुठलंही झालं तरी ते तिथल्या तिथे कळतं.

डू-ऑलमध्ये क्रम उलटा झाला तर कंपायलर पानभर एरर ओततो. घाबरू नका, आधी रिटर्न शेवटी आहे का ते बघा. पॅरामीटरची मोजणी ० पासून असते, म्हणून आपली पातळी १ क्रमांकाची. चुकून ० लिहिलं आणि तो पॅरामीटर रेफरन्स नसेल, तर कंपायलर अडवतो. पण एकाच प्रकारचे दोन रेफरन्स पॅरामीटर असतील तर कुणीच अडवत नाही; मूल्य भलत्याच ठिकाणी जातं. अशा फंक्शनसाठी मी सरळ लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, लिहायला सांगतो. पॅरामीटरला नाव देऊन त्यात मूल्य ठेवायचं, मग ट्रू परत करायचं. वाचणाऱ्यालाही ते लगेच कळतं. मात्र लॅम्डाने लोकल व्हेरिएबल रेफरन्सने पकडलं असेल, तर कॉल होईपर्यंत ते जिवंत असलं पाहिजे.

आता एक्स्पेक्ट-कॉलमधल्या मॅचरकडे. एक्स्पेक्ट-कॉलमध्ये कुठला कॉल अपेक्षित आहे ते लिहितात (हेच एक्स्पेक्टेशन), आणि त्यात पॅरामीटर कसा असावा ते मॅचर ठरवतो. तिथे नुसतं व्हेरिएबल लिहिलं की मूल्यांची तुलना होते, तीही एक्स्पेक्टेशन लिहिताना घेतलेल्या प्रतीशी. नंतर व्हेरिएबल बदललं तरी प्रत जुनीच राहते. ‘रेफ’ मॅचर मूल्य बघत नाही, तो पत्ता बघतो. पातळीचं व्हेरिएबल कोडने स्वतःच्या फंक्शनमध्ये बनवलं असेल, तर टेस्टमधल्या व्हेरिएबलचा रेफ कधीच जुळणार नाही, आणि अनपेक्षित कॉल झाल्याचा संदेश येईल. बाहेर मूल्य देणाऱ्या पॅरामीटरला अंडरस्कोर (काहीही चालेल असं सांगणारा मॅचर) ठेवा. टेस्टने दिलेलाच ऑब्जेक्ट पुढे गेला का, हे तपासायचं असेल तेव्हाच रेफ वापरा.

मॉक असूनही खरा सेन्सरच वाचला जात असेल, तर मूळ क्लासमधलं फंक्शन व्हर्च्युअल, म्हणजे त्यापासून बनलेल्या क्लासला बदलता येणारं, आहे का बघा. नसेल तर बेस क्लासच्या रेफरन्समधून केलेला कॉल मॉकपर्यंत पोचतच नाही. २०१९च्या १.१० आवृत्तीपासून आलेल्या नव्या मॉक-मेथड मॅक्रोत (मॉकमधलं फंक्शन याने बनवतात) चौथ्या जागी ओव्हरराइड, म्हणजे ‘हे मूळ क्लासमधल्या व्हर्च्युअल फंक्शनच्या जागी आहे’, असं लिहायची सवय ठेवली, तर ही चूक कंपायलरच पकडतो. कॉन्स्ट विसरलात तरी तोच पकडतो.

त्याच मॅक्रोत मॅपचा (की आणि मूल्य असे दोन प्रकार स्वल्पविरामाने लिहावे लागणारा प्रकार) रेफरन्स दिला की मधल्या स्वल्पविरामाने प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपाइलच्या आधी मॅक्रो उलगडणारा टप्पा, एका पॅरामीटरचे दोन करतो. त्या प्रकाराभोवती कंस घाला किंवा ‘यूझिंग’ने त्याला छोटं नाव द्या. आणि फंक्शन स्वतःच रेफरन्स परत करत असेल, तर रिटर्न चालत नाही, रिटर्न-रेफ लिहा.