पीडीएफ कुठे उघडायची, हे फायरफॉक्सला कसं सांगायचं

पीडीएफवर क्लिक केलं की ती कधी टॅबमध्येच उघडते, कधी थेट डाउनलोड होते. यामागे सर्व्हरने (फाइल पाठवणाऱ्या वेबसाइटच्या संगणकाने) फाइलसोबत पाठवलेली, फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी 'कंटेंट-टाइप' ही चिठ्ठी असते. तिच्यात 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' असेल तर ब्राउझर तुमची सेटिंग बघतो.

ती बदलायला सेटिंग्ज उघडून 'जनरल'मध्ये खाली 'ॲप्लिकेशन्स'ची यादी गाठा. पीडीएफच्या ओळीत उजवीकडे क्लिक केलं की पर्याय दिसतात: फायरफॉक्समध्येच उघडा, सेव्ह करा, दरवेळी विचारा किंवा दुसरं ॲप निवडा. मराठी फॉर्म छापायचे असतील तर वेगळं ॲप बरं. ब्राउझरमध्ये एखाद्या फॉन्टची जोडाक्षरं विस्कटली, तर निदान ताडून बघता येतं.

सर्व्हरने चिठ्ठीत 'ऑक्टेट-स्ट्रीम' लिहिलं, म्हणजे नुसतंच 'काहीतरी बायनरी', तर मात्र गडबड होऊ शकते. दोष तिकडचा, शिव्या ब्राउझरला!

ही निवड प्रोफाइल फोल्डरमधल्या (जिथे फायरफॉक्स तुमच्या सेटिंग्ज ठेवतो) 'हँडलर्स.जेसन' फाइलमध्ये राहते. यादीच बिघडली तर फायरफॉक्स बंद करून तिचं नाव बदला. पुन्हा सुरू केल्यावर नवी फाइल तयार होते, पण जुन्या निवडी जातात.

डाउनलोड्स फोल्डरमधून डबल-क्लिक केलं तर यातलं काहीच लागू नाही. तिथे विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचं '.pdf'सारखं शेपूट, बघून ॲप ठरवतं. बदल फाइलवर राइट-क्लिक करून 'ओपन विथ'मधून करा.