बरणीतली हळद आणि पोत्यातली हळद : निर्यातीच्या स्टॉलवर या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात वाढलेल्या माणसाला पोत्याचं तोंड आणि पोत्याचा तळ यांतला फरक सांगावा लागत नाही. सौद्याला आलेला खरेदीदार वरची हळकुंडं नुसती चाळवतो आणि कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर बाहेर काढतो. त्यातलं एक मोडतो, आवाज ऐकतो, आतला रंग बघतो. वर मांडलेल्या मालावर यार्डात कुणी भाव करत नाही. हे माहीत असूनही दुबईच्या किंवा कोलोनच्या प्रदर्शनाला निघताना आपण काय करतो? दहा पोती उपसून सगळ्यात लांब, सगळ्यात पिवळी, आरशासारखी पॉलिश झालेली हळकुंडं वेचतो आणि काचेच्या बरणीत भरतो.

पहिल्या वेळी मीही तेच केलं. बरणीपुढे माणसं थांबायची, फोटो काढायची, मला वाटायचं की काम झालं. आखातातल्या एका आयातदाराने नमुना नेला, घरी आल्यावर बोलणीही पुढे सरकली. मग पाठवायच्या लॉटचा नमुना कुरिअरने गेला आणि त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : हा तो माल नव्हे. माल वाईट नव्हता. आमच्या इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाने तो फोनवर घेतला असता. पण बरणी आणि लॉट यांत जो फरक होता, तेवढे आम्ही खोटे, असा हिशेब त्याने केला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

तेव्हापासून नमुना काढायची पद्धत बदलली. जो लॉट खरोखर पाठवता येईल त्यातल्याच दहा-बारा पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून माल काढायचा, एकत्र करायचा आणि त्याचे तीन भाग करायचे. एक प्रदर्शनात वाटायला, एक एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेला आणि एक सील करून आपल्याकडे. प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर, हंगाम, कुरकुमीनची (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाची) टक्केवारी आणि ओलावा लिहायचा. बरणी ठेवायचीच असेल तर तिच्यात हाच माल. दिसायला थोडा साधा दिसतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी शेजारच्या स्टॉलवरची चकचकीत हळद बघून पोटात कालवतं. कालवू द्यावं.

यातच दडलेली एक बारीक चूक पारदर्शक पिशवीची. कुरकुमीन उजेडात उडतं. चार-पाच दिवस स्पॉटलाइटखाली ठेवलेली पावडर शेवटच्या दिवशी पहिल्या दिवशीची राहत नाही. एकदा एकाने रंग फिका असल्याची तक्रार केली. आम्ही सीलबंद भाग उघडून शेजारी ठेवला, फोटो पाठवला आणि त्याचं पाकीट कुठे असतं ते विचारलं. दोन महिने ते त्याच्या ऑफिसच्या खिडकीत होतं. आता नमुने आतून फॉइल असलेल्या पाकिटात जातात. पावडरीला दुहेरी पाकीट, कारण एक फुटलं की बॅगेतली सगळी व्हिजिटिंग कार्डं हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखी दिसतात.

पेवाची गोष्ट, आणि तिच्यावर आलेला प्रश्न

सांगलीकराला हरिपूरच्या पेवांचा अभिमान असतो, असायलाच हवा. जमिनीत खणलेल्या कोठारात हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी त्या पेवांचे हाल केले, तरी नाव टिकून आहे. आम्ही स्टॉलच्या मागच्या भिंतीवर पेवाचा मोठा फोटो लावला होता. एक जर्मन बाई आल्या, फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी रंगात येऊन परंपरा सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, जमिनीखाली ओलावा किती असतो, आणि बुरशीच्या विषाची तपासणी कुठल्या टप्प्यावर करता?

माझ्याकडे उत्तर होतं, कारण आमचा माल पेवात नव्हताच, गोदामात होता. पण मग भिंतीवर पेव कशाला, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. युरोपीय संघात हळदीला अफ्लाटॉक्सिन बी१ या बुरशीच्या विषाची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० मायक्रोग्रॅम आहे. ज्या माणसाची नोकरी या आकड्यांवर चालते त्याला जमिनीतला खड्डा म्हणजे वारसा वाटत नाही. गोष्ट सांगा, पण आधी रिपोर्ट समोर ठेवा.

बेदाण्याचंही तसंच. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते हे जगाला माहीत आहे. स्टॉलवर "सल्फर किती?" असं विचारलं की आपला माणूस "नाही नाही, नॅचरल आहे" म्हणून मोकळा होतो. किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट असेल तर युरोपात ते लेबलवर ॲलर्जीकारक घटक म्हणून लिहावंच लागतं. समोरचा तो आकडा मागतोय, तुमचं शीलपत्र नव्हे.

बॅनरवर जीआयचं चिन्ह छापण्याआधीही थांबा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन जिल्ह्याला मिळालं म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक पोत्याला मिळालं असं नाही. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. खरेदीदार नोंदणीचा कागद मागतो, आणि तेव्हा बॅनर उतरवता येत नाही.

कुठलं प्रदर्शन?

"सगळे गल्फूडला (दुबईच्या अन्नप्रदर्शनाला) जातात" हे कारण पुरेसं नाही. दुबईत व्यापारी आणि पुढे फेरनिर्यात करणारे जास्त भेटतात. भाव लवकर ठरतो, घासाघीसही आपल्याच पद्धतीची. कोलोनचं अनुगा विषम वर्षी आणि पॅरिसचं सियाल सम वर्षी, दोन्ही ऑक्टोबरात. तिथला माणूस सुपरमार्केटच्या पाकिटांसाठी माल शोधत असतो, कागद आधी मागतो, ऑर्डर द्यायला वर्ष लावतो. सेंद्रिय असेल तर न्यूरेंबर्गचं बायोफाख. हळदीचा अर्क विकायचा असेल तर अन्नाच्या जत्रेत उभं राहून काय मिळणार?

पैसे कमी असतील तर पहिल्या वर्षी स्टॉल घेऊच नका. पाहुणा म्हणून जा, पायात चांगले बूट घाला आणि तुर्की-इराणी बेदाणेवाल्यांचे स्टॉल बघा. स्टॉल घ्यायचाच झाला तर मसाले मंडळ किंवा अपेडाच्या (शेतमालाच्या निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था) दालनात जागा मिळते का ते आधी विचारा. हळदीसाठी मसाले मंडळाचं सीआरईएस (मसाले निर्यातदाराचं नोंदणीपत्र), बेदाण्यासाठी अपेडाची नोंदणी, आणि आयईसी (आयात-निर्यात कोड) तर हवंच. यंत्रवाल्यांसाठी एक सूचना : पॉलिशचा ड्रम दाखवून परत आणायचा असेल तर फिक्की या उद्योग महासंघाकडून मिळणारं एटीए कार्नेट (माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणायचा कागद) उपयोगी पडतं. वाटून संपणाऱ्या हळदीच्या पाकिटांना ते चालत नाही.

क्विंटलचा भाव

समोरच्याने विचारलं, आपण यार्डातला कालचा भाव रुपयांत, क्विंटलला सांगितला. त्याला हवा असतो दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंतचा सीआयएफ (माल, विमा आणि भाडं धरून) भाव, डॉलरमध्ये, टनाला. हळकुंडं जागा खातात, पावडर कमी खाते, म्हणजे कंटेनरचं भाडं दोघांना वेगळं पडतं. हे गणित घरी करून एका कागदावर न्या आणि भाव किती दिवस लागू आहे त्याची तारीख त्यावर लिहा. हळदीचा बाजार कसा उड्या मारतो ते तुम्हाला मी काय सांगू.

घरी आल्यावर खरं नुकसान होतं

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. गल्फूड येतं जानेवारी-फेब्रुवारीत. त्याच सुमारास यार्डात नवी हळद यायला लागते, आणि तासगाव-कवठेमहांकाळकडे शेडवर बेदाणा पसरलेला असतो. दुबईहून उतरलेला मालक दुसऱ्या दिवशी सौद्यात उभा असतो. कार्डांचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये जातो. एप्रिलात आठवण होते, तोवर समोरच्याने दुसऱ्याकडून घेतलेलं असतं.

आमच्याकडे आता नियम आहे की निघण्याआधीच मागे राहणारा माणूस ठरवायचा. तो प्रदर्शनाला येत नाही, यार्डातही जात नाही, मेल बघतो. आमच्या घरात हे काम पुतणीकडे आहे. स्टॉलवर कार्ड मिळालं की तिथल्या तिथे मागच्या बाजूला दोन ओळी लिहायच्या : काय मागितलं, काय खटकलं. रात्री हॉटेलवरून फोटो तिला जातात. तीन दिवसांत ती उत्तर पाठवते, आणि त्यात "आपल्याला भेटून आनंद झाला" हे वाक्य नसतं. तुम्ही ३ टक्क्यांच्या वर कुरकुमीनची, पॉलिश न केलेली हळद विचारली होती, सोबत अमुक लॉटचा रिपोर्ट आहे, नमुना हवा असल्यास पत्ता कळवा. एवढंच. बावीस पानी ब्रोशर जोडू नका. मी जोडायचो.

प्रदर्शनानंतर येणारे मेल मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. "प्रदर्शकांच्या डिरेक्टरीत तुमची माहिती मोफत दुरुस्त करा" असा फॉर्म येतो आणि खाली बारीक अक्षरांत दरवर्षी युरोत पैसे द्यायचा करार असतो. सही केली की बिलं आणि धमक्या सुरू. येणाऱ्यांची यादी विकतो म्हणणारे दुसरे. मोठी ऑर्डर देतो, आधी नोंदणी फी भरा म्हणणारे तिसरे. आणि जुन्या गिऱ्हाइकाच्या किंवा शिपिंगवाल्याच्या मेलवरून बँक खातं बदलल्याचं कळलं तर जुन्या नंबरवर फोन करून त्याच्या तोंडून ऐका. नव्या खरेदीदाराला उधारीवर माल सोडायच्या आधी ईसीजीसी या निर्यात उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं संरक्षण मिळतं का तेही विचारून घ्या.

पाहुणा सांगलीत आला तर

बोलणी जमली की खरेदीदार माल बघायला येतो, आणि इथे आपला पाहुणचार आडवा येतो. युरोपातला एक जण आला तेव्हा फेटा, शाल, श्रीफळ, मग फोटो, मग जेवण, मग आमच्या अण्णांचा आग्रह. गोदामात पोहोचेपर्यंत चार वाजले. त्याला शिजवणीचं पाणी कुठून येतं, ड्रम कधी धुतात, पालीला आत यायला वाट आहे का हे बघायचं होतं, आणि परतीची गाडी सहाची.

दाराजवळच्या थप्पीतली पोती आम्ही उघडून ठेवली होती. त्याने ती बघितलीसुद्धा नाही. मागच्या भिंतीकडची एक थप्पी दाखवली आणि वरून तिसरं पोतं खाली घ्यायला लावलं. हमालाने शिवण उसवली. पाहुण्याने बाही वर न करताच हात घातला, तळातलं एक हळकुंड काढलं, मोडलं आणि उजेडात धरलं. पांढरा शर्ट कोपरापर्यंत पिवळा.

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "हा आपल्या यार्डातलाच दिसतोय रे."